वीस नावांचं पत्रक

आमच्या घरी कोरा कागद विकत आणल्याचं मला आठवत नाही. पत्रकांची मागची बाजू कोरी असायची, आणि पत्रकं कधी संपायची नाहीत. गुलाबी, पिवळी, पोपटी. बाबांच्या कपाटाखाली त्यांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे असत. मी गणितं त्यांच्यावर केली, आईनं पोळ्यांच्या डब्यात ती अंथरली, भज्यांचं तेल त्यांच्यावर निथळलं. गरम तेलाखाली 'कर्मचारी भाइयो-बहनो' ही अक्षरं आरपार दिसायला लागायची आणि मी ती उलटी वाचायची. बाबा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात बाबू होते आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सचिव होते. पहिलं काम ते दहा ते पाच करत, दुसरं उरलेल्या सगळ्या वेळात. मोबाइल सगळ्यांच्या हातात आल्यावरही त्यांनी पत्रक सोडलं नाही. "मोबाइलवरचं लोक बोटानं ढकलून देतात," ते म्हणत, "हातात दिलेला कागद फेकाले तरी थांबा लागते." माझं नाव जागृती. हे नाव एका पत्रकाच्या मथळ्यावरून ठेवलं असं आई म्हणायची. बाबांनी ते कधी नाकारलं नाही.

पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही. भाकरी थापणं जसं बघून येतं तसं ते आलं. सुरुवातीला प्रश्न विचारायचा. मग तीन मागण्या, चौथी नको, चौथी कुणी वाचत नाही. शेवटी एक ओळ अशी, की वाचणारा मान वर करून बाजूच्याकडे बघेल. आणि त्याखाली 'निवेदक' असं लिहून नावं. नावं दोन रकान्यांत, कमीत कमी वीस. बाबा म्हणत, खाली नावं कमी असली की पत्रक बिचारं एकटं वाटते. ही नावं ते कार्यालयाच्या यादीवरून उतरवत आणि प्रेसमध्ये देऊन टाकत. ज्याचं छापलं तो दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर म्हणायचा, "अरे भाऊ, मेरा भी नाम डाल दिया?" आणि बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवत. एवढ्यावर भागायचं. यात काही चूक आहे असं मला पंधरा वर्षांची होईपर्यंत वाटलं नाही. आता मी लिहिण्यावरच जगते, आणि दुसऱ्याच्या नावाजवळ पोचले की माझा हात थबकतो. तो का थबकतो, हे सांगायलाच हे प्रकरण लिहिते आहे.

दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या गावात निकालानंतर टक्के दोन दिवस विचारतात आणि विषय दोन महिने. भाजीवाली विचारते, दळणवाला विचारतो, लग्नाच्या पंगतीत वाढणारा वरणाचं भांडं हातात धरून विचारतो, "मॅथ लिया कि बायो?" यांच्यापलीकडे तिसरं उत्तर असलं की विचारणाऱ्याचा आवाज उतरायचा. कॉमर्स म्हटलं तर "ठीक है", कला म्हटलं तर "कोई बात नहीं". माझे टक्के बायोवाले होते. आईच्या नात्यातल्या सगळ्यांनी मला मनात पांढरा कोट चढवून ठेवला होता. मी मात्र कुणी विचारलं की म्हणायची, "कृषी." मग विचारणारा हसायचा, कारण आमच्या मुलींच्या शाळेत कृषी हा गटच नव्हता. गणित, जीवविज्ञान, वाणिज्य, कला आणि गृहविज्ञान. कृषी होतं रस्त्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत. तिथं कंपाउंडच्या भिंतीला लागून त्यांचा वाफा होता आणि त्यात पोरं क्रिकेटचा चेंडू शोधत फिरायची.

कृषी माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. माझं आजोळ कटंगीजवळचं. तिथं मामाची धानाची शेती आहे, आणि आई दरवर्षी रोवणीच्या दिवसांत मला घेऊन जायची. घरी डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी आई तिथं लुगडं खोचून बांधीत उतरली की दुसरीच बाई व्हायची. बांधी म्हणजे धानाचा बांधलेला तुकडा, घोट्याच्या वर चिखल. बियाण्याचा दाणा हातावर चोळून, तोंडात टाकून ती सांगायची, हा वासाचा चिन्नोर आहे, हा चिन्नोर म्हणून विकलेला दुसरा आहे. एका वर्षी दोरी लावून ओळीत रोवणी कशी करायची हे दाखवायला एक साहेब आले. चिखलात अकरा बायका, बांधावर मामा आणि मी. साहेब सगळं मामाला समजावत होते. मामा दोनदा म्हणाला, "साहेब, मले काय सांगता, रोवते तर त्या." साहेब म्हणाले, "हाँ हाँ, आप उनको बता देना." आणि पुन्हा मामालाच सांगू लागले. आईनं मान वर न करता शेजारच्या बाईला म्हटलं, "दोरी उलट्या बाजूनं बांधली हो यानं." सगळ्या हसल्या. साहेबांना वाटलं, बायकांना पटलं. मी बांधावरून हे सगळं बघत होते. त्या दिवशी मी ठरवलं, त्या साहेबांच्या जागी मी येईन आणि चिखलात उतरून बोलेन. पंधराव्या वर्षी माणूस असले निर्णय घेतो. मला त्याचा अजून पस्तावा नाही.

निकालाचा कागद घेऊन मी आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. मी म्हटलं, मुलींना कृषी का नाही? त्यांनी चष्मा काढला. "बेटा, इतने साल में एक लड़की ने नहीं माँगा. बीस लड़कियाँ लिखकर दें, तो मैं आगे बात करूँ. तेरे अकेले के लिए क्या बोलूँ मैं?" फॉर्म भरायला नऊ दिवस होते. दुसरी कुणी असती तर वीस मुली शोधायला निघाली असती. मी पत्रक लिहायला बसले.

ते पत्रक मला अजून पाठ आहे, पण इथं उतरवत नाही. पंधराव्या वर्षीची आग दुसऱ्यांना दाखवण्यासारखी नसते. सुरुवातीचा प्रश्न होता: धान रोवणाऱ्या हातांना धान शिकायची बंदी का? हिंदीत लिहिलं, कारण गावात पत्रकं हिंदीतच वाटली जात. बाबांनी ते वाचलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले, अभिमानानं. एक शब्द बदलला नाही. प्रेसवाला त्यांचा जुना माणूस. त्यानं मजकूर लावला आणि विचारलं, "नीचे नाम?" मी म्हटलं, माझं. तो माझ्याकडे, मग बाबांकडे बघून हसला. "सचिवजी की बेटी होके एक नाम का पर्चा?" बाबा म्हणाले, "टाक वर्गातल्या मुलींची. सगळ्यांच्या भल्याचंच आहे." मी खुर्चीवर बसून वीस नावं लिहून दिली. पाच मिनिटं लागली. पहिलं नाव माझं, दुसरं प्रणालीचं, बाकीची हजेरीच्या क्रमानं.

प्रणाली माझी मैत्रीण. लांजीकडच्या एका खेड्यातली, शिकायला बालाघाटात मामाकडे राहिलेली. तिच्या मामाचं बसस्टँडजवळ टायर-पंक्चरचं दुकान होतं. शाळेत तिचा डबा आम्ही वाटून खायचो. लाखोळीच्या डाळीचे वडे असत आणि त्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, इतका, की दातात हिरवं अडकलेलं एकमेकींना दाखवून हसायचो. मुळात पत्रक मी तिच्यासाठीच लिहिलं होतं, असं मी त्या दिवसांत सगळ्यांना सांगायची. धान रोवणारे हात म्हणजे प्रणालीचे हात. शाळेत माझ्या ओळखीतले तेवढेच होते.

पत्रक सकाळी मुलांच्या शाळेसमोर आणि दुपारी बाजारात वाटलं. संध्याकाळपर्यंत कुणी त्याचा फोटो काढून मोबाइलवर सोडला, आणि कपाटाखाली कुजणारं पत्रक जिथं पोचलं नसतं तिथं तो फोटो पोचला. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी पत्रक समोर ठेवलं आणि फॉर्म घ्यायला आलेल्या मुलींना नाव वाचून एकेकीला आत बोलावलं. मी दाराशी उभी होते. "तूने लिखा?" "नहीं मैडम." "तुझे कृषि चाहिए?" "नहीं मैडम, बायो." तिसरी, चौथी, सहावी. एक रडली, कारण तिच्या वडिलांनी सकाळी विचारलं होतं की हे कोणत्या पार्टीचं आहे. दहाव्या मुलीनंतर मॅडमनी नावं वाचणं थांबवलं. माझ्याकडे पत्रक सरकवलं आणि एवढंच म्हणाल्या, "बीस लड़कियाँ माँगी थीं, जागृति. बीस नाम नहीं."

फाटकाबाहेर प्रणाली उभी होती. तिच्या हातात फॉर्म नव्हता.

"मामा म्हणून राह्यला, पोट्टीले शिकाले ठेवलं, नेतागिरी कराले नाही," ती म्हणाली. "परवाच्या गाडीनं लांजीले पाठवून देते म्हणे. अकरावी-बिकरावी काही नाही."

"पण मी तुझ्यासाठीच तर लिहिलं होतं."

"माझ्यासाठी? मले इचारलं काय वं तू?"

"तू रोवणी करतेस, म्हणून वाटलं..."

"म्हणूनच नाही पाह्यजे मले. नऊ वर्षांची होती तवापासून वाकून राह्यली मी. तू कटंगीले जाते, आंबे खाते, दोन तास चिखलात उभी राह्यते अन् आली की महिनाभर सांगते. मले कॉमर्स पाह्यजे. बँकेत, पंख्याखाली, खुर्चीवर बसून काम कराचं आहे मले. हे तुले माहीत होतं काय?"

माहीत नव्हतं. दोन वर्षं डबा वाटून खाल्ला होता आणि हे माहीत नव्हतं. ती मागे न बघता बसस्टँडकडे चालू लागली. रागावलेली माणसं भरभर चालतात, ती सावकाश चालली. ते जास्त लागलं.

घरी आले तेव्हा बाबा कार्यालयातून जेवायला आले होते आणि जेवणं व्हायची होती. उन्हाळ्यात आई दुपारी पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी करायची आणि चिन्नोरचा भात. भाताचा वास गल्लीच्या तोंडापासून येई आणि शेजारची म्हातारी खिडकीतून विचारी, पाहुणे आले काय. त्या दिवशी मी भाताला हात लावला नाही. मी ताटावर बसून सगळं सांगितलं आणि शेवटी बाबांना विचारलं, "तुम्ही नावं टाकता तेव्हा विचारता का त्यांना?"

बाबांनी भातात बोटं फिरवली. "असंच असते बेटा. मागायला गेलं की कोणी नाव देत नाही. छापलं की कोणी काढून घेत नाही."

आई वाढायचं थांबली. भांडणात ती आवाज चढवत नसे, उलट खाली आणायची. "माझं तीनदा छापलं," ती म्हणाली. "महिला आघाडी, संयोजिका. मोठ्या अक्षरात. मले कोनं इचारलं?"

बाबा म्हणाले, "तुझं तर घरचंच..."

"मंग मोहल्ल्यातल्या बाया मले नळाचं इचाराले येत. संयोजिका आहा न तुम्ही, म्हणत. मी काय सांगू त्यायले? मले तर घरातच कोनी काही इचारत नाही." एवढं बोलून तिनं बाबांच्या ताटात भाजी वाढली, नेहमीएवढीच. बाबांचे कान पुन्हा लाल झाले होते. आज विचार करते तेव्हा वाटतं, पत्रक वाचून लाल झालेले कान आणि हे लाल कान यांच्यात चार दिवसांचं अंतर होतं, आणि माझं लिहिणं त्या चार दिवसांच्या मधे कुठेतरी सुरू झालं.

बाबा म्हणाले, "मी बोलतो तिच्या मामाशी." मी म्हटलं, नको, नाव मी टाकलं. आणि चार वाजता, ऊन पिवळं झालं तेव्हा, सायकल काढली.

प्रणालीचा मामा टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मला ओळखलं. "बापानं पाठवलं?"

"नाही. मीच आले. ते नाव मी टाकलं काका. तिला माहीतसुद्धा नव्हतं. तिला घरी पाठवू नका."

"लिहून देते काय?"

मी खिशातून पत्रक काढलं, उलटं केलं आणि टायरच्या चळतीवर ठेवून कोऱ्या बाजूला लिहिलं: हे नाव प्रणालीला न विचारता मी टाकलं. खाली सही केली. मामानं ओले हात पँटला पुसून तो कागद घेतला, सावकाश वाचला, आणि का कुणास ठाऊक, हसला. "तुझ्या बापानं माझंबी टाकलंतं एकदा. व्यापाऱ्यांचा पाठिंबा म्हणून. चार दिवस लोक इचारत होते, कोनत्या पार्टीत गेला बे."

"मग तुम्ही काही बोलले नाही?"

"बोलून काय. बायकोनं कापून ठेवलं, पेपरात नाव आलं म्हणून. पेपर नव्हता तो, पर्चा होता. तिले कोन सांगल." ट्यूब पुन्हा पाण्यात गेली. "पण पोट्टीचं नाव आलं की गोष्ट वेगळी होते. गावाकडून तिच्या बापाचा फोन आलता. मी काय सांगू त्याले?"

"सांगा की तिला कॉमर्स पाहिजे. बँकेत जायचं आहे तिला."

"हे तिनं मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं का काका?" हे मी म्हटलं आणि लगेच वाटलं, मला हे म्हणायचा काय अधिकार. सकाळपर्यंत मीही विचारलं नव्हतं. ते मी त्याला सांगितलं. त्यानं ट्यूब पाण्यात फिरवली. मग एक बारीक बुडबुड्यांची ओळ वर आली आणि त्यानं तिथं अंगठा दाबला. "इचारतो," तो म्हणाला.

उरलेले दिवस मी दारोदार फिरले. हातात कोरी वही होती. ही मात्र आईनं विकत आणून दिलेली. वीसमधल्या प्रत्येक घरी आधी माफी, मग प्रश्न. दोन घरांनी दार लोटून घेतलं. एका घरी पन्हं मिळालं आणि आजोबांचं व्याख्यान. एका मुलीनं खाली बघत सांगितलं की तिला गृहविज्ञानच हवंय, आवडीनं, आणि सगळ्यांनी तिची कीव करणं बंद केलं तर बरं होईल. मी तेही वहीत लिहून घेतलं. आणि मग ज्यांचं नाव मी छापलंच नव्हतं अशा मुली निघाल्या. ब वर्गातली एक, जिच्या आईची भाजीपाल्याची वाडी होती. उकव्याची एक, जिचे वडील खाणीत होते आणि जिला जंगलाबद्दल माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं. सगळं फिरून झालं तेव्हा सह्या सात होत्या. माझी धरून वीसमधल्या तीन आणि बाहेरच्या चार.

मोठ्या मॅडमनी वही उघडली. बोटानं सह्या मोजल्या. "बीस कहा था मैंने."

"विचारल्यावर सातच झाल्या मॅडम," मी मराठीत म्हणाले. घाबरले की माझी हिंदी जाते.

त्यांनी माझ्यासमोरच रस्त्यापलीकडच्या शाळेत फोन लावला. बोलणं लांबलं. मुलींना तिथं कृषीला बसायला मनाई करणारा कुठलाच नियम नव्हता, हे त्या फोनवर कळलं. इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं. "सातों के घरवाले साइन करें, तब," त्या म्हणाल्या. सातपैकी पाच जणींच्या घरच्यांनी केल्या. प्रणालीचं नाव त्यात नव्हतं. ती आमच्या शाळेत वाणिज्यच्या पहिल्या बाकावर बसली, नेमकी पंख्याखाली. माझ्याशी बोलायला तिला आणखी महिना लागला. आज ती बँकेच्या ज्या शाखेत बसते तिथं एसी आहे, आणि मी गेले की ती काचेपलीकडून म्हणते, "तुझी सही जुळत नाही वं."

पण माझ्या फॉर्मचं सांगायचं राहिलं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी मी तो जेवणाच्या चौरंगावर ठेवला. 'कृषी' हे मी हातानं लिहिलं होतं, कारण छापील यादीत ते नव्हतं. त्याखाली पालकाच्या सहीचा रकाना. बाबांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि हात तिथंच थांबला. मग त्यांनी पेन उलटं करून आईपुढे धरलं.

आईनं हात पदराला पुसले. फॉर्म घेतला आणि वाचायला लागली. वरचं माझं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले नियम वाचले, ते कधी कुणी वाचत नाही. बाबा उघडं पेन घेऊन उभे होते. चुलीवर भाताचं पाणी आटत आलं होतं आणि त्याचा वास घरभर झाला होता. सगळं वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"हे तुले पाह्यजे?" तिनं विचारलं. "त्या साहेबाच्या रागानं नाही. पत्रक काढलं म्हणून नाही. माझ्यासाठी तर नाहीच. तुले पाह्यजे काय?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी विचार केला, खरंच केला, आणि चिखलात उतरलेले माझे पाय मला आधी दिसले, साहेब नंतर.

"हौ," मी म्हटलं.

"मंग आण," आई म्हणाली, पेन घेतलं, आणि आपलं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, रकान्याबाहेर जाईल इतकं मोठं लिहिलं.